कडा काढल्या की रंग कमी होतात का? कडांच्या रंगांकनाची गणितं कोणत्या क्रमानं सोडवायची

पाच संघांची साखळी स्पर्धा घ्या. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळणार, म्हणजे एकूण १० सामने. एका फेरीत कोणताही संघ एकदाच मैदानात उतरू शकतो. अशा स्पर्धेला ५ फेऱ्या लागतात. आता एक सामना रद्द करा. फेऱ्या ५ च लागतात. दुसरा सामना रद्द करा, फेऱ्या ४ होतात. तिसरा रद्द करा, फेऱ्या ४ च राहतात.

संघांच्या जागी शिरोबिंदू (ठिपके), सामन्यांच्या जागी कडा (दोन ठिपके जोडणाऱ्या रेषा) आणि फेऱ्यांच्या जागी रंग ठेवले की हेच गणित ग्राफ सिद्धांतातलं होतं. शिरोबिंदू आणि कडांच्या अशा मांडणीला ग्राफ म्हणतात. इथे विद्यार्थी दोन उलट दिशांनी चुकतात. काही जण म्हणतात, कड काढून टाकली म्हणजे रंग कमी व्हायलाच हवा. काही जण म्हणतात, कमाल डिग्री (एका शिरोबिंदूला लागणाऱ्या सर्वाधिक कडा) तशीच आहे म्हणजे रंग कमी होणारच नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही विधानं कोसळतात. दुसऱ्या सामन्यानंतर कमाल डिग्री ४ च राहते, तरी एक रंग वाचतो. तिसरा सामना नीट निवडला तर कमाल डिग्री ४ वरून ३ वर येते, तरी एकही रंग वाचत नाही.

उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा पडताळणीचा क्रम चुकल्यामुळे. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा.

## तयारी: रंगाला हात लावण्याआधी

कडांचं रंगांकन म्हणजे प्रत्येक कडेला एक रंग द्यायचा, पण एकाच शिरोबिंदूवर मिळणाऱ्या दोन कडांना सारखा रंग येऊ द्यायचा नाही. असं करायला कमीत कमी जितके रंग लागतात, त्या संख्येला या लेखात रंगांक म्हणू. शिरोबिंदूला जितक्या कडा लागतात ती त्याची डिग्री, आणि सगळ्यांत मोठी डिग्री ती ग्राफची कमाल डिग्री.

कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. शिरोबिंदूंना १, २, ३ असे क्रमांक द्या. सगळ्या कडांची यादी १-२, १-३ अशा रूपात करा. प्रत्येक शिरोबिंदूची डिग्री एका तक्त्यात मांडा. नुसती आकृती बघून डिग्री मोजू नका. आकृतीत कडा एकमेकींना मध्येच छेदतात आणि छेदनबिंदू शिरोबिंदूसारखा दिसतो. पेटरसन ग्राफच्या (१० शिरोबिंदूंचा एक प्रसिद्ध ग्राफ, टप्पा ७ मध्ये मांडला आहे) आकृतीत ही चूक हमखास होते, म्हणून यादीच प्रमाण माना.

तपासणी: सगळ्या डिग्रींची बेरीज कडांच्या संख्येच्या बरोबर दुप्पट यायला हवी. येत नसेल तर यादीत चूक आहे, पुढे जाऊ नका.

इशारा: शिरोबिंदूंचं रंगांकन हा वेगळा प्रश्न आहे आणि कड काढल्यावर तो वेगळ्याच तऱ्हेनं बदलतो. पाच शिरोबिंदूंच्या पूर्ण ग्राफला, म्हणजे ज्यात प्रत्येक शिरोबिंदू इतर प्रत्येकाशी जोडलेला असतो त्याला (याला पुढे के-५ म्हणू), दोन्ही प्रकारांत ५ रंग लागतात. एक कड काढली की शिरोबिंदूंना लगेच ४ रंग पुरतात, कडांना मात्र ५ च लागतात. एका प्रकारातला निष्कर्ष दुसऱ्यात उचलून ठेवू नका.

## टप्पा १: ग्राफ साधा आहे ना, हे बघा

त्याच दोन शिरोबिंदूंमध्ये दोन कडा नाहीत आणि एखादी कड स्वतःच्याच शिरोबिंदूवर परत येत नाही, एवढं पाहायचं. हे सोपं वाटतं म्हणून वगळलं जातं आणि मग पुढचं सगळं वाया जातं. तीन शिरोबिंदू घ्या आणि प्रत्येक जोडीत दोन-दोन कडा जोडा. कडा ६ झाल्या, कमाल डिग्री ४. यातल्या कोणत्याही दोन कडा कुठे ना कुठे एका शिरोबिंदूवर भेटतातच, म्हणून रंग ६ लागतात. पुढच्या टप्प्यातला नियम इथे लागू केला तर उत्तर ४ किंवा ५ येईल, आणि ते साफ चूक आहे.

## टप्पा २: कमाल डिग्री काढा आणि दोनच शक्यता लिहून ठेवा

ज्या शिरोबिंदूला सर्वाधिक कडा आहेत, त्या सगळ्या कडांना वेगवेगळे रंग हवेत. म्हणून रंगांक कमाल डिग्रीहून कमी असूच शकत नाही. दुसऱ्या बाजूनं, विझिंग यांच्या १९६४ च्या प्रमेयानुसार साध्या ग्राफला कमाल डिग्रीपेक्षा एकाहून जास्त रंग कधीच लागत नाहीत.

म्हणजे उत्तराला दोनच जागा उरल्या. रंगांक कमाल डिग्रीइतका असेल तर ग्राफ पहिल्या वर्गाचा, एकानं जास्त असेल तर दुसऱ्या वर्गाचा. के-५ साठी कागदावर लिहा: ४ किंवा ५. पेटरसन ग्राफसाठी: ३ किंवा ४.

दोनच शक्यता आहेत म्हणून काम सोपं झालं असं समजू नका. प्रत्येक शिरोबिंदूची डिग्री ३ असलेल्या ग्राफसाठीसुद्धा ३ रंग पुरतील की ४ लागतील हे ठरवणं एनपी-पूर्ण आहे (म्हणजे ज्यांच्यासाठी झटपट चालणारी सर्वसाधारण पद्धत माहीत नाही अशा प्रश्नांपैकी), हे होल्यर यांनी १९८१ मध्ये दाखवलं. सगळ्या ग्राफांवर झटपट चालेल अशी एकच युक्ती हाताशी नाही. म्हणून आधी स्वस्त चाचण्या, मग महागड्या, हा क्रम पाळायचा.

## टप्पा ३: रंगांची क्षमता मोजा

ही चाचणी सर्वाधिक विसरली जाते, आणि कडा काढण्याच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर तिच्यातच असतं.

एकाच रंगाच्या दोन कडा एका शिरोबिंदूवर येऊ शकत नाहीत. त्यामुळे एक रंग जास्तीत जास्त किती कडांना देता येईल? शिरोबिंदूंच्या संख्येच्या निम्मा, अर्धा उरला तर सोडून द्यायचा. पाच शिरोबिंदू असतील तर एका रंगात २ कडा, सात असतील तर ३. आता कमाल डिग्रीइतके रंग वापरायचे ठरवलं तर एकूण किती कडा मावतील? कमाल डिग्री गुणिले तो निम्मा आकडा, हीच क्षमता. कडा त्याहून जास्त असतील तर ग्राफ दुसऱ्या वर्गाचा, विषय संपला.

के-५ मध्ये कमाल डिग्री ४ आणि एका रंगात २ कडा, म्हणजे चार रंगांत ८ कडा मावतात. आहेत १०. म्हणून ५ रंग. सुरुवातीच्या स्पर्धेत ५ फेऱ्या का लागतात याचं कारण एवढंच: एका फेरीत दोनच सामने होऊ शकतात, पाचवा संघ बसून राहतो. सहा संघ असते तरी फेऱ्या ५ च लागल्या असत्या, कारण मग कोणीच बसून राहिलं नसतं.

इशारा: शिरोबिंदू सम संख्येत असतील तर अख्ख्या ग्राफवर ही चाचणी कधीच पकडत नाही. कडा क्षमतेहून जास्त होऊच शकत नाहीत. पण आतल्या विषम संख्येच्या शिरोबिंदूंच्या एखाद्या तुकड्यावर ती पकडू शकते. के-५ मधून १-२ ही कड काढा आणि १ ला सहावा शिरोबिंदू जोडा. कमाल डिग्री अजून ४. सहा शिरोबिंदू, १० कडा, क्षमता १२. वरवर सगळं ठीक. पण १ ते ५ एवढाच तुकडा बघितला तर त्यात ९ कडा आहेत आणि चार रंगांत ८ च मावतात. रंग ५ लागणार.

तपासणी: तुकडा तपासताना रंगांची संख्या अख्ख्या ग्राफच्या कमाल डिग्रीची घ्या, तुकड्याच्या कमाल डिग्रीची नव्हे. आणि ही चाचणी पास झाली म्हणजे ग्राफ पहिल्या वर्गाचा, असा उलटा अर्थ काढू नका. पेटरसन ग्राफमध्ये १० शिरोबिंदू आणि १५ कडा आहेत, तीन रंगांत बरोबर १५ मावतात, तरी तीन रंग पुरत नाहीत. ते टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ४: सुटका देणाऱ्या दोन चाचण्या

क्षमतेनं पकडलं नाही तर ग्राफ पहिल्या वर्गाचा असल्याची खात्री स्वस्तात मिळते का ते बघा.

शिरोबिंदूंचे दोन गट पाडता येतात का, की प्रत्येक कड एका गटातून दुसऱ्यात जाते? असा द्विभाजित ग्राफ नेहमी पहिल्या वर्गाचा असतो, हे क्यूनिग यांचं १९१६ चं प्रमेय. एका गटात शिक्षक आणि दुसऱ्यात वर्ग असलेलं शाळेचं वेळापत्रक याच जातीचं.

दुसरी चाचणी फोर्निए यांची, १९७३ ची. फक्त कमाल डिग्रीचे शिरोबिंदू घ्या आणि त्यांच्या आपसातल्या कडा बघा. त्यांच्यात एकही चक्र (कडांवरून फिरून निघाल्या ठिकाणी परत येणारी वाट) तयार होत नसेल तर ग्राफ पहिल्या वर्गाचा. कमाल डिग्रीचे शिरोबिंदू एक किंवा दोनच असतील तर चक्राचा प्रश्नच येत नाही, उत्तर लगेच मिळतं. कडा काढल्यावर ही चाचणी फार कामाला येते, कारण कडा काढल्या की कमाल डिग्रीचे शिरोबिंदू झपाट्यानं कमी होतात.

चक्र सापडलं तर? मग ही चाचणी काहीच सांगत नाही. दुसरा वर्ग सिद्ध झाला असं नाही.

## टप्पा ५: प्रत्यक्ष रंगवा, आणि अडलं तर साखळी उलटवा

रंगवताना सर्वाधिक डिग्रीच्या शिरोबिंदूपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक शिरोबिंदूशेजारी तिथे न वापरलेले रंग लिहीत जा. तो शिरोबिंदूचा मोकळा रंग. कड रंगवायची तर तिच्या दोन्ही टोकांना मोकळा असलेला एक तरी समान रंग हवा. असा समान रंग नसला की विद्यार्थी सगळं खोडून पुन्हा सुरू करतात. त्याची गरज नसते.

एक उदाहरण करून बघा. शिक्षक क, ख, ग आणि वर्ग १, २, ३. ग शिक्षक वर्ग २ ला शिकवत नाही, बाकी प्रत्येक शिक्षक प्रत्येक वर्गाला एक तास शिकवतो. कडा ८, कमाल डिग्री ३, द्विभाजित ग्राफ, म्हणजे तीन रंग पुरायलाच हवेत. समजा इथवर आलात:

क-१ लाल, क-२ हिरवा
ख-१ हिरवा, ख-२ लाल, ख-३ निळा
ग-१ निळा, ग-३ हिरवा

उरली क-३. क ला फक्त निळा मोकळा आहे. ३ ला फक्त लाल मोकळा आहे. समान काही नाही.

आता ३ पासून निघा आणि फक्त निळ्या-लाल कडांवरून आळीपाळीनं चाला. ३ वरून निळ्या कडेनं ख, ख वरून लाल कडेनं २. २ ला निळी कड नाही, साखळी संपली. या साखळीवरचे दोन्ही रंग अदलाबदल करा: ख-३ लाल, ख-२ निळा. आता ३ ला निळा मोकळा झाला, क ला तो होताच. क-३ निळा रंगवा. झालं. प्रत्येक शिरोबिंदूवर नजर टाका, कुठेही रंग दोनदा आलेला नाही.

इशारा: साखळी अर्धी उलटवू नका. फक्त ख-३ लाल केली असती तर ख वर ख-२ आणि ख-३ दोन्ही लाल झाल्या असत्या. साखळी जिथे खरोखर संपते तिथपर्यंत जायचं.

द्विभाजित ग्राफमध्ये ही साखळी कधीच क वर जाऊन पोचत नाही. ती शिक्षकांच्या बाजूला नेहमी निळ्या कडेनं येते आणि क ला निळी कडच नाही. इतर ग्राफमध्ये मात्र ती दुसऱ्या टोकावर पोचू शकते. तसं झालं तर अदलाबदलीनं काही साधत नाही, रंगांची दुसरी जोडी घेऊन बघावी लागते.

## टप्पा ६: आता कडा काढा, आणि प्रत्येक वेळी वरून सुरुवात करा

आधी एक पक्की मर्यादा. एक कड काढल्यानं रंगांक वाढत नाही आणि एकाहून जास्त कमीही होत नाही. उरलेला ग्राफ तुम्ही जितक्या रंगांत रंगवलात, त्यात एक नवा रंग घालून काढलेली कड परत ठेवता येते, एवढंच त्याचं कारण. म्हणून एक कड काढून दोन रंग वाचल्याचं उत्तर आलं तर शोधायची ती चूक.

कड काढल्यावर तीन आकडे पुन्हा लिहा: शिरोबिंदू, कडा, कमाल डिग्री. कड काढली म्हणून तिची टोकं जात नाहीत. शिरोबिंदूंची संख्या तीच राहते, म्हणून एका रंगात मावणाऱ्या कडाही तितक्याच राहतात. ही संख्या चुकून घटवणारे बरेच असतात.

के-५ वर सगळी शिडी उतरून बघू.

एक कड काढली, समजा १-२. कडा ९. शिरोबिंदू ३, ४, ५ यांची डिग्री अजून ४. क्षमता ८. ९ कडा मावत नाहीत, रंगांक ५. फोर्निए यांची चाचणीही इथे मदत करत नाही, कारण ३, ४, ५ मिळून त्रिकोण होतो.

दोन कडा काढल्या. कडा ८, बरोबर क्षमतेइतक्या. काढलेल्या कडा एका शिरोबिंदूवर मिळत असतील तर डिग्री ४ चे दोन शिरोबिंदू उरतात, वेगळ्या असतील तर एकच. दोन्ही प्रकारांत चक्र नाही. रंगांक ४, आणि तोही कोणत्याही दोन कडा काढल्या तरी. १-२ आणि ३-४ काढल्या असतील तर रंगांकन असं: ५-१ व २-३ एका रंगात, ५-३ व २-४ दुसऱ्या, ५-२ व १-४ तिसऱ्या, ५-४ व १-३ चौथ्या.

तीन कडा काढल्या, १-२, २-३ आणि ४-५. आता कोणाचीच डिग्री ३ हून जास्त नाही. इथे घाईनं ३ लिहिलं जातं. थांबा आणि टप्पा ३ करा. तीन रंग, एका रंगात २ कडा, क्षमता ६. कडा ७ आहेत. रंगांक ४ च. कमाल डिग्री घसरली की क्षमताही तिच्याबरोबर घसरते, हे ध्यानात ठेवलं तर ही चूक होत नाही. तीन कडा दुसऱ्या कोणत्याही काढल्या तरी उत्तर ४ च, कारण मग एकतर एखाद्या शिरोबिंदूची डिग्री ४ राहते, नाहीतर काढलेल्या कडा याच आकाराच्या असतात आणि हाच हिशेब लागतो.

चौथी कड काढली. वरच्या तीन काढल्यानंतर उरलेल्या सातांपैकी कोणतीही चालेल. १-३ काढली तर ४ आणि ५ एका बाजूला, १, २, ३ दुसऱ्या बाजूला असा द्विभाजित ग्राफ उरतो. रंगांक ३.

ज्या कडेमुळे रंगांक उतरतो तिला निर्णायक कड म्हणतात. के-५ मध्ये एकही कड निर्णायक नाही. एक काढल्यावर उरलेल्या ग्राफमध्ये मात्र प्रत्येक कड निर्णायक आहे. तीच कड पहिल्यांदा काढली तर निरुपयोगी, दुसऱ्यांदा काढली तर उपयोगी. म्हणून "ही कड महत्त्वाची आहे का" हा प्रश्न सुटा विचारता येत नाही. तो नेहमी त्या क्षणी समोर असलेल्या ग्राफबद्दल असतो.

पहिल्या वर्गाच्या ग्राफसाठी हिशेब वेगळा आहे. तिथे रंगांक म्हणजेच कमाल डिग्री, त्यामुळे ती उतरल्याशिवाय काहीच उतरत नाही. वरच्या शाळेच्या उदाहरणात डिग्री ३ चे शिरोबिंदू क, ख, १ आणि ३. फक्त क-१ काढून काही होणार नाही, ख आणि ३ तसेच राहतात. क-१ आणि ख-३ दोन्ही काढा. चारही शिरोबिंदू उतरले, उरलं सहा कडांचं चक्र, रंग २. मोठा ग्राफ असेल तर यासाठी शोधाशोध नको. कमाल डिग्रीइतक्या रंगांत केलेल्या रंगांकनात प्रत्येक रंग कमाल डिग्रीच्या प्रत्येक शिरोबिंदूला शिवतोच. कोणत्याही एका रंगाच्या सगळ्या कडा काढा, रंगांक बरोबर एकानं उतरतो.

तपासणी: सम चक्रातली एक कड काढा, रंग २ चे २ च. विषम चक्रातली एक काढा, ३ चे २. चक्रांवर हे उत्तर येत नसेल तर पद्धतीत कुठेतरी घोटाळा आहे.

## टप्पा ७: सगळं पास झालं तरी अडतं तेव्हा

पेटरसन ग्राफ मांडून घ्या. बाहेरचं चक्र १-२, २-३, ३-४, ४-५, ५-१. आरे १-६, २-७, ३-८, ४-९, ५-१०. आतला तारा ६-८, ८-१०, १०-७, ७-९, ९-६. डिग्री सगळ्यांची ३.

तीन रंग का पुरत नाहीत? बाहेरच्या पाच कडांत दोन रंग दोन-दोनदा आणि एक रंग एकदाच येऊ शकतो. समजा १-२ लाल, २-३ हिरवी, ३-४ लाल, ४-५ हिरवी, ५-१ निळी. मग आरे ठरूनच गेले: १-६ हिरवा, २-७, ३-८ आणि ४-९ निळे, ५-१० लाल. आता ६-८ हिरवी नाही, कारण ६ वर हिरवा आहे. निळी नाही, कारण ८ वर निळा आहे. म्हणून लाल. ९-६ चंही नेमकं तसंच, तीही लाल. दोन्ही ६ वर भिडतात. रंगांची नावं बदलून किंवा चक्र फिरवून दुसरी कोणतीही मांडणी यातच येते. रंगांक ४.

आता एक कड काढा. कमाल डिग्री ३ च, रंगांक ३ झाला का? इथे सम-विषम चाचणी लावायची. एका रंगाच्या कडा शिरोबिंदूंच्या जोड्या पाडतात. म्हणून १० शिरोबिंदूंत जिथे तो रंग पोचलेला नाही अशांची संख्या समच असते. समजा कड काढून तीन रंग पुरले. प्रत्येकी एक रंग मोकळा असलेले दोनच शिरोबिंदू उरतात, काढलेल्या कडेची दोन टोकं. एका टोकाला लाल मोकळा असेल तर संख्या सम व्हायला दुसऱ्यालाही लालच मोकळा हवा. मग ती कड लाल रंगात परत ठेवता आली असती आणि मूळ ग्राफ तीन रंगांत झाला असता. तो होत नाही हे आत्ताच पाहिलं. म्हणून कोणतीही एक कड काढा, रंगांक ४ च.

एकाच शिरोबिंदूच्या तिन्ही कडा काढल्या तर? तो एकटा पडलेला शिरोबिंदू सोडून द्या, आणि समजा उरलेल्याला तीन रंग पुरले. उरले ९ शिरोबिंदू, त्यांतले तीन डिग्री २ चे. नऊ विषम, म्हणून प्रत्येक रंग विषम संख्येच्या शिरोबिंदूंवर मोकळा असणार. मोकळ्या जागा एकूण तीन, रंग तीन, म्हणजे प्रत्येक रंग नेमका एकेका जागी मोकळा. मग काढलेल्या तीन कडा त्याच तीन वेगळ्या रंगांत परत बसल्या असत्या. पुन्हा विसंगती. तीन कडा काढूनही रंगांक ४, आणि म्हणून त्यांतल्या दोनच काढल्या तरीही ४.

आणि आता ५-१ व ९-६ या दोनच कडा काढा. आरे सगळे निळे. बाहेर चार कडांचा सरळ मार्ग उरला, तो लाल-हिरवा आळीपाळीनं. आतही चार कडांचा मार्ग, तोही तसाच. तीन रंगांत काम झालं.

तीन कडा काढून जे साधलं नाही ते दोन कडांनी साधलं, कारण त्या एकमेकींना शिवत नाहीत. पेटरसन ग्राफ इतका सममित आहे की न शिवणाऱ्या कोणत्याही दोन कडा काढल्या तरी हेच होतं, आणि शिवणाऱ्या कोणत्याही दोन काढल्या तरी ४ च राहतात. इथे किती कडा काढल्या हे विचारून पुरत नाही, कुठल्या काढल्या ते विचारावं लागतं.

इशारा: सम-विषम चाचणी वापरताना शिरोबिंदूंची संख्या आधी लिहा. सम असेल तर प्रत्येक रंगाच्या मोकळ्या जागा सम, विषम असेल तर विषम. ही एक ओळ उलटी धरली की पुढची सगळी सिद्धता उलटी होते.

## टप्पा ८: उत्तर लिहिताना

रंगांक ४ आहे असं लिहिलंत तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: चार रंगांचं प्रत्यक्ष रंगांकन, आणि तीन रंग का पुरत नाहीत याचं कारण. पहिल्यानं फक्त "४ किंवा कमी" सिद्ध होतं, दुसऱ्यानं फक्त "४ किंवा जास्त". "मी तीन रंगांत प्रयत्न केला, जमलं नाही" हे कारण नव्हे. कारण म्हणून चालेल ते कमाल डिग्री, क्षमतेचा हिशेब, सम-विषम चाचणी, किंवा वर ६ या शिरोबिंदूवर केली तशी सक्तीच्या रंगांची साखळी.

कडा काढण्याच्या प्रश्नात आणखी एक ओळ हवी: तुम्ही काढलेल्या विशिष्ट कडांबद्दल बोलताय की कोणत्याही कडांबद्दल. के-५ मध्ये "कोणत्याही दोन" म्हणता येतं. पेटरसनमध्ये "एकमेकींना न शिवणाऱ्या दोन" असंच म्हणावं लागतं. एकाच उदाहरणावर रंगवून "कोणत्याही" लिहून टाकलं की गुण जातात, आणि ते योग्यच आहे.

शेवटी रंगांकन कडांच्या यादीवरून तपासा. प्रत्येक शिरोबिंदूसाठी त्याच्या कडांचे रंग एका ओळीत लिहा आणि त्या ओळीत कुठलाही रंग दोनदा आला आहे का ते बघा. मग प्रत्येक रंगाच्या कडा मोजा. बेरीज एकूण कडांइतकी आली नाही तर एखादी कड रंगवायची राहून गेली आहे.